चिंतेसाठी न्यूरोफीडबॅक घेतलंय का कोणी? (गोळ्या नको आहेत)

गवती_चहा
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मी ३८ वर्षांची, नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करते. सहा वर्षांपूर्वी वीज गेली आणि मी लिफ्टमध्ये चार-पाच मिनिटं अडकले. तेव्हापासून लिफ्टचं दार बंद झालं की छातीत धडधडतं, तळहात ओले होतात, आता आपण कोसळणार असं वाटतं. पुढे ते लिफ्टपुरतंही राहिलं नाही. महिन्याच्या आढावा बैठकीच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. लेक शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तरी पोटात गोळा येतो. ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे, मी रोज जिन्याने जाते. व्यायाम म्हणून चढते असं सगळ्यांना सांगते.

तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांकडे गेले होते. तीन मिनिटांत चिठ्ठी हातात. दिवसभर झापड यायची, हिशेबात चुका व्हायला लागल्या, म्हणून चार महिन्यांनी गोळ्या सोडल्या. परत त्या वाटेला जायचं नाहीये. आता एका समुपदेशक बाईंनी न्यूरोफीडबॅक सुचवलंय. डोक्याला सेन्सर लावून मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवतात आणि त्यातून मेंदूला शांत व्हायला शिकवतात म्हणे. पुण्यात २० सेशन, ३२ हजार. दर शनिवारी नाशिक-पुणे-नाशिक. पैसे माझ्या भिशीचे आहेत, लेकीच्या सायकलसाठी आणि अडीनडीसाठी ठेवलेले. म्हणून विचारते. कुणी स्वतः घेतलंय का? फरक पडला का? आणि पडला तर टिकला का?

शेवंती
वाचतेय. माझ्या धाकट्या भावासाठी हेच विचारायचं होतं.

चाफा
मी घेतलंय. दोन वर्षांपूर्वी, पुण्यातच, २२ सेशन. जसं झालं तसं सांगतो.

पहिल्या दिवशी तासभर नुसती विचारपूस. मग टाळूवर दोन-तीन ठिकाणी केस बाजूला करून, खरखरीत जेलने कातडी पुसून, चिकट पेस्टने पितळेच्या टिकल्यांसारखे इलेक्ट्रोड चिकटवले. दोन्ही कानांच्या पाळ्यांना क्लिपा. विजेचा झटका वगैरे काही नसतो, यंत्र फक्त ऐकतं. समोर डोंगरातून जाणारी रेल्वेगाडी. मेंदूच्या लहरी ठरवलेल्या पट्ट्यात आल्या की गाडी पळते, बाहेर गेल्या की मंदावते. 'काय करू?' असं विचारलं तर ताई म्हणायच्या, काहीच करू नका, गाडीकडे बघा.

पहिल्या पाच-सहा वेळा गाडी जागची हलेना. मी जोर लावायचो आणि ती आणखी थांबायची. आठव्या-नवव्या वेळी कंटाळून खांदे सैल सोडले तर सुटली की सुसाट! तो क्षण माझ्या लक्षात राहिला. जोर सोडणं म्हणजे काय हे ३४ वर्षांत पहिल्यांदा अंगाला कळलं.

फरक आधी झोपेत पडला. धडधड साधारण निम्म्यावर आली. पण त्याच काळात मी दिवसाचे सहा चहा दोनवर आणले आणि संध्याकाळी चालायला लागलो, त्यामुळे श्रेय कुणाचं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. वर्षभर टिकलं. नोकरी बदलली तेव्हा थोडं परत आलं.

आडवाट
३२ हजार?? ताई, पहाटे उठून तासभर चाला, अनुलोम-विलोम करा. आपल्या आजी-पणज्यांना कुठे होती चिंता? हे सगळं पैसे काढायचं तंत्र आहे.

चाफा
@आडवाट, माझ्या आजीला 'धाप लागते' म्हणून वीस वर्षं घराबाहेर नेलं नव्हतं. काही सापडलं नाही असं डॉक्टर दर वेळी सांगायचे. चिंता होती, नाव नव्हतं.

घुंगूरमाळ
मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, ईईजीच्या (मेंदूच्या विजेच्या आलेखाच्या) यंत्रांवर काम केलंय. हे चालतं कसं ते सांगते, म्हणजे पैसे कशाचे देताय ते कळेल.

माणसाच्या डोक्यावरून ईईजी पहिल्यांदा काढला तो जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. जाहीर केला १९२९ मध्ये. डोळे मिटून स्वस्थ बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी लहर उमटते, ती अल्फा. डोळे उघडले की ती ओसरते. १३च्या वरची बीटा, जागेपणाची, कामात असतानाची. ४ ते ८ थीटा, पेंगुळलेली. हे सगळं काही मायक्रोव्होल्टचं प्रकरण आहे, म्हणजे व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले मूठभर.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत जो कामिया यांनी एक साधी गोष्ट केली. माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवायचं, मधूनच घंटा वाजवायची आणि विचारायचं, आत्ता तू अल्फात आहेस की नाहीस? बरोबर की चूक एवढंच सांगायचं. काही दिवसांत बऱ्याच जणांचे अंदाज बरोबर यायला लागले. आपल्याच मेंदूची आपल्याला चाहूल लागू शकते, हे तिथे दिसलं.

दुसरी गोष्ट मांजरांची. लॉस एंजेलिसला बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना १२ ते १५च्या पट्ट्यातली एक लहर वाढवायला शिकवलं. लहर आली की खाऊ. नंतर एका वेगळ्याच कामासाठी, रॉकेटच्या इंधनाचा विषारीपणा तपासताना, ही शिकवलेली मांजरं झटक्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ दाद देईनात. त्यावरून १९७२ मध्ये फेफऱ्याच्या रुग्णावर हा प्रयोग झाल्याचा निबंध आला. मांजराला 'मी उपचार घेतेय' हे ठाऊक नसतं, म्हणून मला हा पुरावा भक्कम वाटतो.

आता सावधगिरी. दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, तर स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी येते आणि यंत्राला ती बीटासारखी दिसते. चाफा यांची गाडी खांदे सैल केल्यावर सुटली. मेंदू बदलला की जबडा सुटला? यंत्र चालवणारा चांगला असेल तर तो हे वेगळं ओळखतो. तुमच्याकडे कच्ची लहर बघतात का, की नुसता खेळ लावून बाहेर जातात, एवढं बघाच.

चाफा
@घुंगूरमाळ, हा विचारच केला नव्हता. आमच्या ताई 'जबडा' असं अधूनमधून म्हणायच्या खऱ्या!

कांचनार
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी काम करते.

गवती चहा ताई, तुम्हाला तीन मिनिटांत चिठ्ठी मिळाली याचं मला वाईट वाटलं. गोळी कशासाठी, किती दिवस, पहिल्या पंधरवड्यात काय होईल, सोडायची कशी, हे सांगायला निदान वीस मिनिटं लागतात. ती तुमच्या हक्काची होती.

न्यूरोफीडबॅकबद्दल. घुंगूरमाळ यांनी सांगितलेली मांजरं मलाही आवडतात, पण फेफरं वेगळं आणि चिंता वेगळी. चिंतेवर १९७८ मध्ये हार्ट आणि कामिया यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की ज्यांना चिंता जास्त आहे अशांची ती अल्फाच्या बदलाबरोबर बदलते. आशा वाढली. मग १९८१ मध्ये प्लॉटकिन आणि राइस यांनी काही जणांना अल्फा वाढवायला शिकवलं आणि काहींना कमी करायला. चिंता दोन्ही गटांत उतरली! म्हणजे माणसाला बरं वाटलं हे खरं, पण लहर कुठल्या दिशेला गेली यावर ते ठरलं नाही. 'मला हे जमतंय' या भावनेने काम केलं असावं.

अलीकडे खोट्या यंत्राशी (दिसायला तसंच, पण तुमची खरी लहर न दाखवणारं) तुलना करून अभ्यास झालेत. २०१७ मध्ये निद्रानाशावर असा एक झाला, खऱ्या आणि खोट्या फीडबॅकमध्ये फरक नव्हता. मुलांच्या एडीएचडीवर (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) अमेरिकेत १४४ मुलांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला, तिथेही दोन्ही गट सुधारले, पण खरा गट पुढे गेला नाही. उलट बाजूही सांगते. २०१६ मध्ये जुन्या आघातातून आलेल्या पीटीएसडीच्या (आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या) ५२ प्रौढांवर २४ सेशनचा अभ्यास झाला आणि चांगला फरक दिसला. मात्र तुलना प्रतीक्षा यादीवरच्या लोकांशी होती, खोट्या यंत्राशी नव्हे.

माझं मत: हानी कमी, आश्वासन पुराव्यापेक्षा मोठं. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) आणि एसएसआरआय गटातल्या चिंता-नैराश्यावरच्या गोळ्या यांच्या मागे उभा असलेला पुरावा याच्या मागे अजून नाही. पैसे मोजके असतील तर आधी सीबीटीवर खर्च करा. आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का? वाढलेला थायरॉइड हुबेहूब चिंतेसारखा वागतो.

गवती_चहा
डॉक्टर, तुमचं 'हक्काची होती' वाचून रडू आलं. मनापासून आभार. थायरॉइड मागच्या वर्षी तपासला, ठीक आहे. बी-१२ नाही.

एक कबूल करायचंय. गोळ्या मी कुणाला न विचारता एका दिवसात बंद केल्या होत्या. चिठ्ठी सापडली, एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र होत्या. बंद केल्यावर पंधरा दिवस चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, रडू. मला वाटलं आजार वाढला.

कांचनार
तो आजार नव्हता ताई, ते गोळ्या अचानक सुटल्याचं होतं. दोन्ही गोळ्या हळूहळू उतरवायच्या असतात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांची तर शरीराला सवय लागते, त्या फार काळ द्यायच्याही नसतात. तुमची झापड बहुधा त्या रात्रीच्या गोळीची होती. एस्सिटालोप्रामला परिणाम दाखवायला चार-सहा आठवडे लागतात आणि तिची तशी सवय लागत नाही. म्हणजे 'गोळ्या मला सोसत नाहीत' हा निष्कर्ष एका जोडगोळीवरून निघालाय. परत घ्याच असं म्हणत नाही. दार मात्र कायमचं बंद करू नका.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना विनंती, गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने थांबवू नका.

मध्यरात्र
मला थोडं कडक बोलायचंय. शीर्षकात 'गोळ्या नको आहेत' वाचलं आणि धागा उघडावासा वाटेना. मी २०१६ पासून सर्ट्रालीन घेतोय. त्याआधी एक वर्ष मी घराच्या उंबऱ्याबाहेर गेलो नव्हतो. बहिणीचं लग्न खोलीत बसून ऐकलं. सनई ऐकू येत होती आणि मला दार उघडता येत नव्हतं. गोळीने मला ते दार उघडून दिलं. मधुमेहवाल्याला कुणी विचारत नाही की इन्सुलिनशिवाय जमतंय का बघ. मग आम्हालाच 'बिनगोळीचं' जमलं की शाबासकी का?

गवती_चहा
@मध्यरात्र, क्षमा करा. तुम्हाला दुखवायचं नव्हतं. मला माझ्या वाईट अनुभवाची भीती वाटते, गोळी घेणाऱ्यांना कमी लेखत नाही. शीर्षक बदलू का?

मध्यरात्र
नको, राहू द्या. याच शीर्षकाने लोक येतील आणि डॉक्टरांचा प्रतिसाद वाचतील. राग तुमच्यावर नव्हता.

तुळशीकट्टा
अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा वाडा गोव्यात, शेजारची मावशी रोज संध्याकाळी तेर्स (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) म्हणते. घरात कितीही वादळ असो, तेर्स संपली की मावशीचा चेहरा निवळलेला. नंतर कळलं की २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावरच लिहिलंय. लॅटिनमधली 'आवे मारिया' आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि त्याने हृदयाची लय सुधारते.

इंद्रायणीकाठ
व्वा! आमच्याकडे हरिपाठ. टाळ धरून म्हणताना श्वास आपोआप लांबतो, हे वारीत चालणारा कुणीही सांगेल.

मी लोणावळ्याचा, म्हणून आणखी एक. बर्गर यांनी पहिला ईईजी काढला त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम सुरू केलं, योग प्रयोगशाळेत तपासायचा म्हणून. आणि १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांचा ईईजी काढला. त्यातल्या दोघा योग्यांनी बर्फासारख्या गार पाण्यात पाऊण तास हात ठेवला तरी त्यांची अल्फा मोडली नाही.

आडवाट
हेच तर मी म्हणत होतो!

घुंगूरमाळ
@आडवाट, थोडं तुमचं, थोडं नाही. मिनिटाला सहा श्वासांवर आधारलेलं हार्ट रेट व्हेरिएबिलिटी बायोफीडबॅक (हृदयाच्या ठोक्यांमधला चढउतार पडद्यावर बघत श्वास लावायला शिकणं) आहेच. २०१७ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ताण आणि चिंतेवर त्याचा परिणाम चांगला मोठा दिसला. त्याला डोक्याला पेस्ट लागत नाही, छातीचा पट्टा आणि फोन पुरतो. पण ज्याचा जीव आत्ता घाबरा झालाय त्याला 'प्राणायाम करा' एवढंच सांगून आपण निघून जातो, ते चुकतं. शेजारी बसून शिकवावं लागतं.

आडवाट
हे मान्य. माझा पहिला प्रतिसाद तोडून टाकणारा होता. ताई, माफ करा.

बर्फाळवाट
टोरांटोहून. मी कपाळावर बांधायचा घरगुती पट्टा घेतला. मन शांत असलं की कानात पक्षी बोलतात. महिनाभर मी पक्ष्यांचीच वाट बघत बसायचे, नाही आले तर आज काय बिघडलं म्हणून छाती धडधडायची. शेवटी थेरपिस्ट म्हणाली, तू परीक्षा द्यायला बसतेस, विसावायला नाही. आता आठवड्यातून दोनदाच वापरते, आकडे न बघता.

पाणवठा
वाईट अनुभवही असू दे. एका ठिकाणी माझ्या वडिलांना पहिल्याच दिवशी मेंदूचा रंगीत नकाशा दाखवला, अर्धा लाल. म्हणाले, हा लाल भाग म्हणजे बिघाड, ४० सेशन आगाऊ भरा, चिंता, मधुमेह, विसरभोळेपणा सगळं जाईल. वडील घाबरून आठवडाभर जेवले नाहीत. त्यांना वाटलं मेंदू जळालाय. नंतर एका न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की आदल्या रात्रीचं जागरण आणि औषधांनीही ते रंग बदलतात. पैसे गेलेच, वडिलांचा धीरही गेला.

त्यामुळे ताई, तीन गोष्टी: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक मागा, पॅकेज आगाऊ भरू नका, आणि सगळे आजार बरे करतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

जिनाचढ
लिफ्टबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मूळ दुखणं तर तेच आहे. मलाही लिफ्टचंच होतं! सीबीटीमध्ये आम्ही यादी केली. सगळ्यात सोपं, लिफ्टसमोर पाच मिनिटं उभं राहणं. मग दार उघडं ठेवून आत उभं राहणं. मग बहिणीबरोबर एक मजला. मग एकटीने एक मजला. शेवटची पायरी, एकटीने वरपासून खालपर्यंत तीन वेळा. प्रत्येक पायरीवर घाबरं होईपर्यंत नव्हे, घाबरं ओसरेपर्यंत थांबायचं. भीती किती, ते शून्य ते शंभरात वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी ९० होती, नुसत्या दारासमोर. अकरा आठवड्यांनी १५.

ताई, तुमचा रोजचा जिना ही भीतीची रोजची फी आहे असं मला वाटतं. दर वेळी मेंदूला कळतं, लिफ्ट टाळली म्हणून वाचलो. गाडी पडद्यावर कितीही पळाली तरी हे त्याला लिफ्टमध्येच शिकवावं लागेल.

गवती_चहा
@जिनाचढ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'रोजची फी'. हो.

निवडुंग
ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी: टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, १४४१६. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. माझ्या बहिणीला रात्री दोन वाजता तिथे खूप आधार मिळाला.

शेवंती
भावासाठी नंबर लिहून घेतला. धन्यवाद.

*(साडेतीन महिन्यांनी)*

शेवंती
धागा वर काढतेय. गवती चहा ताई, पुढे काय झालं?

गवती_चहा
कळवायचं राहिलं, माफ करा.

बी-१२ कमी निघालं, त्याचं औषध सुरू आहे. नाशिकमध्येच एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, आरसीआय क्रमांक दारावरच लावलेला होता. त्यांच्याकडे सीबीटी दर बुधवारी. न्यूरोफीडबॅकही केलं, पण पॅकेज नाही. पुण्याला विचारलं, सुटी दहा द्याल का? दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी सात प्रश्नांची चिंतेची चाचणी भरून घेतली, २१ पैकी १६. परवा भरली, ८.

डॉक्टर, कशाने उतरली ते मला सांगता येत नाही. पडद्यावर माझी होडी होती. ती सहाव्या वेळी चालली, आणि अगदी चाफा म्हणाले तसंच, खांदे सोडले तेव्हा. आता लिफ्टसमोर उभी राहिले की तेच खांदे आठवतात. तेवढा उपयोग खरा. पण लिफ्टचं दार बंद झाल्यावर आत राहिले ते सायकॉलॉजिस्ट ताई आणि जिनाचढ यांच्या यादीमुळे. दहानंतर पुण्याचं थांबवलं, उरलेल्या पैशांत सायकल आली. गोळीचं डॉक्टर म्हणाल्या तसं ठेवलंय, वर्षअखेरीस आकडा परत चढला तर जाईन, आणि वीस मिनिटं मागेन.

काल पहिल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत एकटी. भीती ३५. आमच्या शिपाईकाकांनी वर विचारलं, आज व्यायाम नाही का मॅडम? त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, माझ्या बायकोलाही असंच होतं, तुम्ही कुणाकडे जाता?

मध्यरात्र
सकाळी सकाळी डोळे भरून आले ताई. पत्ता दिलात ना काकांना?

गवती_चहा
दिला. आणि १४४१६ पण.

शेवंती
अभिनंदन! भावाचंही सीबीटी सुरू झालंय. एक किरकोळ शंका: त्याचे केस लांब आहेत, ती पेस्ट निघते का?

चाफा
निघते. थंड पाण्याने नाही, कोमट पाणी आणि जुना बारीक कंगवा. शांपू दोनदा.